भिंतीवरचे आदिवासी आणि भिंतीखालचे

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील एका तालुक्याच्या गावी, एका सरकारी कचेरीत, काही कामानिमित्त आम्हांला दोन तास थांबावे लागले. कचेरी नुकतीच रंगविलेली होती. दर्शनी भिंतीवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी तारपा नाच काढला होता. मधोमध तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून फेर धरलेले स्त्री-पुरुष. त्याखाली ठसठशीत अक्षरांत आगंतुकांचे स्वागत लिहिलेले होते. त्या चित्राच्या बरोबर खाली, फरशीवर, एक वृद्ध माडिया जोडपे बसले होते. बाकडे रिकामे होते. परंतु त्यावर बसावे असे त्यांना वाटले नाही, आणि बसा असे त्यांना कोणी म्हटलेही नाही. म्हातारबाबांच्या हातात अनेकदा घडी घालून फाटावयास आलेला एक कागद होता. बाराच्या सुमारास शिपायाने तो पाहिला, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढल्या आठवड्यात या, असे मराठीत सांगितले. म्हातारीने माडियात काही विचारले. तिला उत्तर देऊ शकेल असा एकही मनुष्य त्या कचेरीत नव्हता. दोघे उठली आणि चालू लागली.

शिपाई उद्धट नव्हता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. तो सौम्यपणेच बोलला. साहेबही कदाचित सज्जन असतील. आदिवासींविषयी आस्था वाटल्यावाचून कोणी भिंतीवर आदिवासी नाच कशाला काढून घेईल? आमची तक्रार दुष्टपणाविरुद्ध नाही. ती या आस्थेविरुद्धच आहे. जी आस्था भिंतीपर्यंत पोहोचते आणि भिंतीखाली बसलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही, तिला आम्ही आस्था म्हणावयास तयार नाही.

चित्राने बिघडले काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. कोरी भिंत राहण्यापेक्षा आदिवासी कला दिसली तर ती लोकांना कळेल, तिचा मान राखला जाईल, परस्परांत सलोखा वाढेल, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर बिनतोड वाटतो. म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

पहिला प्रश्न असा की हे चित्र कोणाचे? तारपा हे पालघर जिल्ह्यातील डहाणू, जव्हारकडचे वाद्य. वारली चित्रे ही तिकडच्या वारल्यांची. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी पालघट देवीचा चौक लिहावा, ही तिची मूळ रीत. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या खटपटीने ती कागदावर आली आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तिला जगभर नेले. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. भामरागडच्या माडियांचा या चित्राशी संबंध काय? डहाणू आणि भामरागड यांच्यामध्ये हजार किलोमीटरहून अधिक रस्ता आहे. भाषा निराळी, देव निराळे, वाद्ये निराळी, नाच निराळा. वसईच्या चर्चमध्ये कोणी केरळी ख्रिस्ती बांधवांची परंपरागत वेशभूषा रंगविली आणि खाली 'वसईचे ख्रिस्ती' असे लिहिले, तर आपण काय म्हणू? आपण हसू, आणि मग रागावू. माडियांना मात्र रागावण्याचीही सोय नाही, कारण 'आदिवासी कला' या एका शब्दाच्या पोत्यात आपण त्यांना, गोंडांना, कोलामांना आणि वारल्यांना एकत्र भरून पोत्याचे तोंड शिवून टाकले आहे.

आता कोणी वारलीऐवजी गोंड चित्रे लावतात आणि आपण चूक दुरुस्त केली असे समजतात. परंतु ठिपक्यारेषांनी भरलेले हरीण, शिंगांतून उगवलेले झाड, ही जी शैली आज गोंड म्हणून ओळखली जाते ती मध्य प्रदेशातील पाटणगढच्या परधानांची. गोंडांच्या वंशावळी गाणारा हा समाज. त्यातल्या जनगढ सिंह श्याम या तरुणाला १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनात आणले गेले, त्याच्या हातून ही चित्रकला बहरली, आणि पुढे भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीही त्याने रंगविल्या. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढीत असताना, घरापासून हजारो मैल दूर, त्याने आत्महत्या केली. ज्यांच्या भिंतींवर त्याची परंपरा आज शोभते, त्यांतल्या किती जणांना त्याचे नाव ठाऊक असेल?

मग माडियांची कला कोणती? ती पाहावयाची तर लाकडी फणीवरची नक्षी पाहावी, तंबाखूची कोरीव डबी पाहावी, बांबूच्या कणग्या पाहाव्यात, बायांच्या अंगावरचे गोंदण पाहावे, रेला गाताना गुंफलेल्या हातांची लय पाहावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावाजवळ मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड पाहावेत. यातली बहुतेक कला भिंतीवर टांगता येत नाही. स्मरणाचा दगड तर जागेवरून हलवताच येत नाही. तो जिथे आहे तिथे आहे, कारण ते पूर्वज तिथले आहेत. म्हणजे ही कला नुसती शोभा नव्हे. तो जमिनीवर लिहिलेला सातबारा आहे. आणि आमची शंका अशी की नेमक्या याच कारणासाठी ती आमच्या कचेऱ्यांच्या भिंतींवर येत नाही. दूरच्या वारल्याचे चित्र काहीच मागत नाही. इथल्या माडियाचा दगड मात्र 'ही जागा कोणाची?' असे विचारतो.

कला ही जमिनीची सनद असू शकते, ही आमची कविकल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील यिर्कला येथील योलंगू लोकांच्या भूमीवर बॉक्साइटच्या खाणीसाठी सरकारने परस्पर हक्क दिले, तेव्हा १९६३ साली त्यांनी संसदेकडे अर्ज पाठविले. अर्ज झाडाच्या सालीवर चिकटविलेले होते, आणि सभोवती त्यांच्या कुळांची पारंपरिक चित्रे रंगविलेली होती. ती चित्रे हाच त्यांचा पुरावा होता. ते अर्ज आज कॅनबेराच्या संसदभवनात मानाने जपून ठेवले आहेत. पण खाण झालीच. १९७१ साली न्यायालयातही ते लोक हरले. चित्राला मान मिळाला, चित्रातले म्हणणे मात्र त्या वेळी कोणी ऐकले नाही. त्याच गावच्या मेथडिस्ट चर्चसाठी तेथील वडीलधाऱ्यांनी वेदीच्या दोन्ही बाजूंना उभे करण्याकरिता दोन भव्य चित्रफलक रंगविले होते. १९७४ साली तेही चर्चबाहेर काढले गेले. नंतर काही वर्षांनी ते पुन्हा मिळविले गेले आणि आता ते मोठा ठेवा मानले जातात. हा इतिहास वाचताना, 'ते तर मेथडिस्ट होते,' असे म्हणून हात झटकण्याचा मोह आम्ही कॅथलिकांनी टाळावा.

याच ऑस्ट्रेलियात २००६ पासून कंपन्या, बँका, रुग्णालये आणि सरकारी खाती आपल्या कामाच्या जागी आदिवासींशी समेट घडविण्याचे आराखडे तयार करीत आली आहेत. आदिवासी चित्रकाराकडून एक चित्र काढून घ्यावयाचे, ते आराखड्याच्या मुखपृष्ठावर छापावयाचे, कार्यालयाच्या दालनात लावावयाचे, असा तेथे प्रघात पडला आहे. त्यातून काही ठिकाणी खरोखर चांगले घडलेही असेल. परंतु रिओ टिंटो या बलाढ्य खाण कंपनीकडेही असा आराखडा होता, आणि तोही वरच्या श्रेणीचा. त्याच कंपनीने २४ मे २०२० रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जूकन घळीतले प्राचीन खडकाश्रय लोहखनिजासाठी सुरुंग लावून उडविले. तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाणाऱ्या मानवी वावराच्या खुणा होत्या, आणि ती जागा ज्यांच्या पूर्वजांची ते लोक विरोध करीत होते. जगभर संताप झाला, समेटाच्या आराखड्याला दिलेली मान्यता काढून घेण्यात आली, कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. घळ मात्र परत आली नाही. समेटाचा कागद आणि सुरुंगाची दारू एकाच घरात नांदू शकतात, एवढे तरी यावरून आपण शिकावे.

आता हे दूरचे उदाहरण आमच्या चांद्यावरून आणि गडचिरोलीवरून ताडून पाहा. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. शहराच्या परकोटाच्या वेशींवर आजही हत्तीवर आरूढ झालेल्या सिंहाचे त्यांचे राजचिन्ह कोरलेले दिसते. त्या वेशींखालून रोज हजारो लोक कामाला जातात. त्याच शहरातील तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिले. पुढे त्या प्रदेशातून कोळसा निघाला, त्या कोळशावर आज २,९२० मेगावॉटचे वीज केंद्र चालते. बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला. सागवान दूरदूरच्या इमारतींसाठी गेले. आता एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज जात आहे. २०२३ साली त्या उत्खननाची मर्यादा वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत वाढविण्यात आली. तो डोंगर ठाकूरदेवाचा. दर वर्षी जानेवारीत भोवतालच्या गावांचे लोक तिथे यात्रेला जमतात. या लोकांपैकी अनेकांनी खाणीला विरोध केला, आणि त्यांच्यापैकीच काही जण आज तिथे नोकरीवर आहेत. नोकरीला लागलेल्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याच्या घरात पगार येतो त्याला उपाशी राहण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आमच्यासारख्या पगारदारांना नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या माणसाच्या देवाचा डोंगर फोडून त्याला पगार मिळतो, त्याच्याशी समेट म्हणजे काय? त्याच्या कॅन्टीनच्या भिंतीवर नाचणारे आदिवासी रंगविणे?

लहानपणी आपण सर्वांनी कॅटेकिझमच्या वर्गात प्रायश्चित्त संस्काराची तयारी केली आहे. आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, पापनिवेदन आणि प्रायश्चित्त, हा क्रम आपल्याला पाठ होता. दुसऱ्याचे घेतलेले शक्य असेल तर परत केले पाहिजे, हेही शिकविले होते. शेजाऱ्याची कोंबडी चोरावयाची आणि आपल्या ओटीवर कोंबडीचे सुरेख चित्र लावावयाचे, याला आमच्या जुन्या धर्मगुरूंनी प्रायश्चित्त म्हटले नसते. प्रभू जक्कयाच्या घरी उतरला, तेव्हा भिंती सजविल्याची नोंद शुभवर्तमानकाराने केलेली नाही. जक्कयाने परतफेडीचा हिशेब सांगितला, तोही चौपटीचा. समेटाची बोली ही हिशेबाची बोली आहे. तिच्यात रंगाला जागा आहे, पण ती शेवटची.

कोणी म्हणेल, तुम्ही टीका सोपी करता. होऊ शकते असे दाखवा. आम्ही दाखवतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमच्याकडे पांढऱ्या वस्त्रात मृताला गुंडाळतात आणि तुमच्याकडे सारे पांढऱ्या वेषातच वावरतात, आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी खेड्यासारखा, सुट्या झोपड्यांचा झाला. आजाऱ्याबरोबर त्याच्या माणसांना राहावयाची सोय झाली. दवाखान्याला नाव मिळाले ते माँ दंतेश्वरीचे. आमच्या वाचकांपैकी कोणाला देवीचे नाव खटकले, तर त्यांनी एवढेच पाहावे की ते नाव भीती घालविण्यासाठी आले, शोभेसाठी नव्हे. इथे आदिवासींचे सौंदर्यज्ञान भिंतीवर चिकटविले गेले नाही, त्याने भिंतच कुठे आणि केवढी असावी हे ठरविले. याला आम्ही कामाच्या जागेतला समेट म्हणतो. त्याचा आरंभ कुंचल्यापासून झाला नाही, प्रश्न विचारण्यापासून झाला.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. हा हक्क २००९ साली मिळाला. तरीही आपला बांबू आपण विकण्यासाठी वाहतूक परवाना लागेच. तो परवाना देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडावयास २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावी आले. एक साधे पावतीपुस्तक! कोणत्याही चित्रकाराने त्याकडे ढुंकून पाहिले नसते. परंतु त्या जिल्ह्यातील वनखाते आणि आदिवासी यांच्यामधल्या समेटाचे याहून खरे चित्र आम्हांला ठाऊक नाही.

हे सर्व आताच म्हणावयाचे कारण आहे. १९८० पासून या जंगलात बंदुका बोलत होत्या, आणि दोन्हीकडच्या बंदुकांमध्ये सापडून मेले ते बहुधा आदिवासीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शांतता आली तर तिचे स्वागत आम्ही मनःपूर्वक करू. परंतु बंदूक थांबली म्हणजे समेट झाला असे नाही. आता तिथे रस्ते होतील, कारखाने होतील, नव्या कचेऱ्या उभ्या राहतील, आणि त्यांना भिंती असतील. त्या भिंतींवर काय लिहावयाचे हे मुंबई-नागपूरच्या ठेकेदाराने ठरवावयाचे की तिथल्या ग्रामसभेने, हा प्रश्न आज विचारला नाही तर उद्या तो विचारण्यात अर्थ राहणार नाही.

आणि आता आमच्या घराकडे वळू, कारण दुसऱ्याच्या भिंतीवर बोट ठेवणे सोपे असते. १९६२ साली चांद्याचे मिशनक्षेत्र केरळच्या सी.एम.आय. संघाकडे सोपविण्यात आले, तेव्हापासून कितीतरी धर्मगुरू आणि धर्मभगिनी त्या भागात राबल्या आहेत. त्यांच्या सेवेविषयी आम्हांला आदर आहे. आम्ही विचारतो ते आमच्यासारख्या इकडच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना. आमच्या भागातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात 'आदिवासी नृत्य' आम्ही पाहिले आहे. मुलांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला पाने, डोक्यावर कोंबड्याची पिसे, आणि हातात भाले घेऊन 'हुर्र हुर्र' असा आरडाओरडा. आम्हीही टाळ्या वाजविल्या. प्रेक्षकांत मागच्या बाजूला त्याच शाळेच्या सफाईचे काम करणारी वारली बाई उभी होती, हे आमच्या नंतर ध्यानात आले. आमच्या वाड्यांतून वारली मजूर पिढ्यान्‌पिढ्या राबले. त्यांचा चहाचा कप कित्येक घरांत वेगळा असे. आज त्याच घरांच्या दिवाणखान्यात चौकटीत बसविलेले वारली चित्र असते, आणि नाताळचा गोठाही कधी वारली पद्धतीने रंगविलेला असतो. कप एक झाला का, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

या बाबतीत सार्वत्रिक ख्रिस्तसभेने जे शिकले ते फार महाग पडून शिकले. कॅनडातील आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांपैकी अनेक कॅथलिक संस्था चालवीत होत्या. २०२२ साली तेथील आदिवासींचे प्रतिनिधी रोमला आले, तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईने पोप फ्रान्सिस यांना लहान मुलांच्या चामडी पादत्राणांचा जोड दिला. शाळांतून घरी न परतलेल्या मुलांची ती खूण होती. हे परत घेऊन या, असे तिने सांगितले. त्याच वर्षी जुलैत पोप महोदय कॅनडाला गेले, त्यांनी क्षमा मागितली, आणि तो जोड परत केला. २०२५ सालच्या नोव्हेंबरात पोप लिओ यांनी व्हॅटिकनच्या संग्रहातील ६२ वस्तू कॅनडातील आदिवासींकडे जाण्यासाठी तेथील महागुरूंच्या हाती दिल्या. त्या पादत्राणांवर नजर ठेवा. तीही आदिवासी कलाच होती. पण ती भेट म्हणून ठेवून घेण्यासाठी दिलेली नव्हती. परत आणण्याच्या अटीवर दिलेली होती. जोवर ती जवळ होती, तोवर ती आठवण करून देत राहिली. कचेरीतले चित्र असे काही करते काय?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. कार्यालयात, कारखान्यात, शाळेत वा चर्चमध्ये आदिवासी कला आणावयाची असेल तर ती त्या जागेच्या लोकांना विचारून आणावी, आणि त्यांनी नको म्हटले तर ते मानावे. काढणाऱ्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याची जमात चित्राखाली लिहावी. त्याला रोजंदारी न देता कलावंताचे मानधन द्यावे. ज्या कचेरीत माडियांची कामे असतात तिथे माडिया बोलणारा एक तरी माणूस नेमावा, आणि तो नेमेपर्यंत भिंत कोरी ठेवावी. कोरी भिंत निदान खोटे बोलत नाही. ज्या कंपनीने देवाचा डोंगर फोडला आहे तिने चित्र लावण्यापूर्वी गायत्याला आणि ग्रामसभेला समोर खुर्चीवर बसवून त्यांचे म्हणणे त्यांच्या भाषेत ऐकून घ्यावे, आणि ऐकलेले लिहून काढावे.

आणि आमच्या वाचक कुटुंबांनी काय करावे? वेदीपाशी अर्पण आणल्यावर कोणाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावयास जावे, असे प्रभूने सांगितले आहे. अर्पण टाकून द्या असे तो म्हणाला नाही. चित्रही टाकून देऊ नये. मात्र या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी पालकसभेत उठून एवढे विचारावे, की हा नाच कोणाचा, आणि त्यांना आपण विचारले आहे काय? विचारणाऱ्याला थोडे एकटे पडावे लागेल. फरशीवर बसलेली ती दोन माणसे त्याहून पुष्कळ अधिक एकटी होती.